उतारा कुठल्या कपाटात आहे?

आज आपल्याला उताऱ्याबद्दल बोलायचं आहे. उतारा म्हटलं की आपल्याला आधी तलाठ्याकडचा सातबाराचा उतारा आठवतो, नाहीतर लेकराला दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकतो तो. आजचा उतारा तिसराच. अंगात विष गेल्यावर त्या विषाला मागं हटवणारं औषध, तो हा उतारा.

विषावर औषध असतं हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं हेही माहीत आहे. पण ते आपल्या जवळच्या दवाखान्यातल्या कपाटात आज आहे का, कोण आणतं, कोण देतं, संपलं तर कोणाला विचारायचं, हे फार थोड्या जणींना सांगता येईल. म्हणून आधी थोडं लांब जाऊन येऊ, मग आपल्या युसूफ वडगावच्या शिवारात परत येऊ.

अमेरिकेत गेली पंचवीस वर्षं एका विषानं धुमाकूळ घातला आहे. ते विष म्हणजे अफूच्या जातीची औषधं. दुखणं कमी करायच्या गोळ्यांपासून हे सुरू झालं, पुढं हेरॉइन आलं, आणि आता फेंटानिल नावाचं फार जहाल औषध आलं आहे. ही औषधं जास्त झाली की माणसाला गाढ गुंगी येते, श्वास मंद होतो आणि थांबतो. नशेच्या सगळ्या औषधांचा हिशेब धरला, तर २०२१, २०२२ आणि २०२३ या तिन्ही वर्षांत तिथं दर वर्षी एक लाखाहून जास्त माणसं अशी दगावली. त्यातली बहुतेक अफूच्या जातीच्या औषधांनी.

या विषावर उतारा आहे. त्याचं नाव नॅलॉक्सोन. तो नाकात फवारता येतो किंवा सुईनं देता येतो. दिल्यावर दोन-तीन मिनिटांत थांबत आलेला श्वास परत सुरू होऊ शकतो. अफूच्या जातीचं औषध अंगात नसेल तर या उताऱ्यानं काही बिघडत नाही. त्याचा असर मात्र अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, म्हणून माणसाला दवाखान्यात न्यावंच लागतं.

औषध जुनं होतं, चांगलं होतं. तरी माणसं मरत होती, कारण औषध दवाखान्यात होतं आणि माणूस घरात, रस्त्यावर, बसस्टँडवर पडलेला होता. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते मिळत नव्हतं, आणि बेशुद्ध माणूस चिठ्ठी कशी आणणार? शेजाऱ्यानं दिलं आणि काही वाईट झालं तर शेजाऱ्यावरच केस होईल ही भीती होती. म्हणून तिथल्या राज्यांनी एकेक करून कायदे केले. न्यू मेक्सिको राज्यानं २००१ मध्ये पहिल्यांदा सामान्य माणसाला हा उतारा देण्याची मोकळीक दिली आणि देणाऱ्याला संरक्षण दिलं. २०१७ पर्यंत सगळ्या पन्नास राज्यांत या ना त्या स्वरूपाचा कायदा झाला होता. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या क्विन्सी शहरात २०१० पासून गस्तीवरचे पोलीस हा उतारा सोबत ठेवू लागले. पुढं शाळा, वाचनालयं, अग्निशमन दल यांनाही तो ठेवता यावा अशी सोय अनेक राज्यांनी केली. काही राज्यांनी ठोक भावानं खरेदी करून गावोगावच्या सरकारी यंत्रणांना स्वस्तात तो द्यायची व्यवस्था लावली. मार्च २०२३ मध्ये तर त्याचा नाकातला फवारा चिठ्ठीशिवाय विकायला तिथं परवानगी मिळाली.

या सगळ्या कायद्यांचा अर्क काढला तर चार प्रश्न उरतात. उतारा कोण विकत घेणार? तो कुठं ठेवायचा? तो कोण देणार? आणि देणाऱ्याच्या पाठीशी कोण उभं राहणार? हे चार प्रश्न लक्षात ठेवा. आता आपण आपल्या गावात येऊ.

केज तालुक्यात आपलं विष वेगळं आहे. मांजरा धरणाच्या पाण्यावरचा ऊस, सोयाबीन, कापूस, गवताच्या गंजी, पाचट, उघड्या विहिरी. आपलं विष म्हणजे साप, आणि दुसरं फवारणीचं औषध. केंद्र सरकारनं अत्यावश्यक औषधांची एक राष्ट्रीय यादी केली आहे. त्या यादीत विषावरच्या उताऱ्यांचा वेगळा विभाग आहे. त्यात नॅलॉक्सोन आहे. त्याच विभागात फवारणीच्या विषावरचं अ‍ॅट्रोपिन आहे, आणि सापाच्या विषावरचं इंजेक्शनही आहे. एकाच कपाटातली ही भावंडं म्हणा. अमेरिकेचं भांडण पहिल्यासाठी, आपलं बाकीच्या दोघांसाठी.

आपल्या देशात सर्पदंशानं किती माणसं जातात? २००० ते २०१९ या वीस वर्षांचा एक मोठा अभ्यास आहे. त्याचा अंदाज बारा लाख मृत्यूंचा, म्हणजे दर वर्षी साधारण ५८ हजार. त्यातले बहुतेक खेड्यातले, आणि निम्म्याहून जास्त जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतले. म्हणजे आपल्या खुरपणीच्या आणि फवारणीच्या दिवसांतले.

आपल्याकडं चार साप मुख्य धरले जातात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. नाग आणि मण्यार यांचं विष नसांवर जातं. पापण्या जड होतात, बोलणं बोबडं होतं, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास अडतो. घोणस आणि फुरसं यांचं विष रक्तावर जातं. रक्त गोठत नाही, हिरड्यांतून, लघवीतून रक्त येतं. घोणशीच्या विषानं मूत्रपिंडंही निकामी होतात. मण्यारीचं वेगळं सांगायला हवं. ती रात्री निघते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि चावलेलं बहुतेक वेळा कळतही नाही. पहाटे पोट दुखतं, उलटी होते, डोळे उघडत नाहीत. घरचे म्हणतात, पित्त झालं असेल. पावसाळ्यात खाली झोपलेल्या माणसाला पहाटे असं झालं तर सापाचा विचार पहिला करा.

आता उताऱ्याचं. लोक त्याला सापाची लस म्हणतात, पण ती लस नव्हे. लस आजार होण्याआधी घेतात, हे चावल्यावर घ्यायचं औषध आहे. ते तयार कसं होतं हे ऐकलं तर त्याची किंमत कळेल. सापाचं विष अगदी थोडं थोडं घोड्याला टोचतात. घोड्याच्या रक्तात त्या विषाशी लढणारे घटक तयार होतात. ते रक्त थोडं काढून, गाळून, शुद्ध करून औषध बनतं. आपल्या महाराष्ट्र सरकारच्या हाफकिन महामंडळाकडं हे औषध बनवण्याची जुनी परंपरा आहे. देशात लागणारं विष बऱ्याच अंशी तामिळनाडूतल्या इरुला जमातीच्या सहकारी संस्थेकडून येतं. १९७८ मध्ये सुरू झालेली ती साप पकडणाऱ्यांची संस्था आहे. साप धरतात, विष काढतात आणि सापाला परत सोडून देतात.

हे औषध चारही सापांवर चालतं. म्हणून डॉक्टरला दाखवायला साप मारून आणायची गरज नाही. सापामागं धावताना दुसऱ्याला चावल्याची उदाहरणं कमी नाहीत. भुकटीच्या रूपात कुपी असेल तर तिला फ्रीज लागतोच असंही नाही, थंड सावलीच्या जागी ती टिकते. लाइट नसते म्हणून औषध ठेवत नाही, हे उत्तर भुकटीच्या कुपीला लागू पडत नाही.

मग हे औषध अमेरिकेतल्या पोलिसासारखं आपल्या आशाताईच्या पिशवीत का नाही? इथं फरक समजून घ्यायला हवा. नॅलॉक्सोन कुणीही नाकात फवारू शकतं. सापाचं औषध शिरेतून, सलाईनबरोबर द्यावं लागतं. सुरुवातीलाच साधारण आठ ते दहा कुप्या लागतात. ते घोड्याच्या रक्तातून आलेलं असल्यामुळं काही जणांना त्याची जोराची रिॲक्शन येते. अंगावर गांधी उठतात, दम लागतो, रक्तदाब कोसळतो. त्यावर अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन हाताशी लागतं. म्हणून हे औषध घरी, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ठेवून उपयोग नाही. त्याची योग्य जागा म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, केजचं उपजिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, म्हणजे आपलं स्वाराती. आपली मागणी औषध घरात द्या अशी नसावी. औषध पहिल्या पायरीवर हवं आणि तिथं पोचायला गाडी हवी, अशी असावी.

पहिल्या पायरीवरचं औषध काय करू शकतं याचं उदाहरण आपल्या मराठवाड्यातल्याच माणसानं घालून दिलं आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. १९७६ पासून ते रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत होते. कोकणात लाल विंचू चावून धडधाकट माणसं, लेकरं मरत. त्यांनी रात्र-रात्र रुग्णांजवळ बसून नोंदी ठेवल्या आणि रक्तदाबाची एक साधी स्वस्त गोळी, प्राझोसिन, वेळेवर दिली तर बहुतेक जीव वाचतात हे दाखवून दिलं. जगभर त्या उपचाराची दखल घेतली गेली आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ती गोळी खेड्यातल्या केंद्रात होती आणि ती द्यायला घाबरणार नाही असा डॉक्टर तिथं होता, म्हणून हे झालं.

आता आपले चार प्रश्न महाराष्ट्राला विचारू.

पहिला, विकत कोण घेणार? आपल्या राज्यात २०१७ पासून सरकारी दवाखान्यांची मोठी औषधखरेदी हाफकिन महामंडळामार्फत होत होती. औषध वेळेवर येत नाही अशा तक्रारी वाढल्या, तेव्हा विधिमंडळानं २०२३ मध्ये महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला. सरकारी दवाखान्यांना लागणारी औषधं आणि साधनं एका ठिकाणाहून, ठोक भावानं घ्यायची आणि पोचवायची, हे त्या प्राधिकरणाचं काम. तामिळनाडूनं अशाच कामासाठी १९९४ मध्ये महामंडळ काढलं आणि त्याचं नाव देशभर घेतलं जातं.

पण कायदा झाला म्हणजे कुपी कपाटात आली असं होत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात बारा नवजात बाळं होती. औषधांच्या तुटवड्याची चर्चा झाली, सरकारनं तुटवडा नाकारला. मुंबई उच्च न्यायालयानं आपणहून दखल घेतली. तेव्हा याच नव्या प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नाही, ही गोष्ट न्यायालयासमोर आली आणि ते पद भरायला न्यायालयानं सांगितलं. कायद्याच्या कागदावर माणसाची जागा असते, ती भरली नाही तर कागद तसाच राहतो.

दुसरा प्रश्न, कुठं ठेवायचं? सरकारी दवाखान्यांचे दर्जा-निकष आहेत, त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रातही सापाच्या विषावरचं औषध असावं असं आहे. आपल्याकडं साठ्याची नोंद ई-औषधी नावाच्या संगणक प्रणालीवर होते. म्हणजे कुठल्या केंद्रात किती कुप्या आहेत हे गुपित नाही, ते विचारता येतं.

तिसरा प्रश्न, देणार कोण? डॉक्टर. पण इथंच बऱ्याच वेळा गाडं अडतं. कपाटात कुप्या असतात, तरी रुग्णाला पुढं पाठवलं जातं. याचं एक कारण भीती. रिॲक्शन आली तर काय, आणि रुग्ण दगावला तर नातेवाईक अंगावर येतील तर काय? हा आपला चौथा प्रश्न, पाठीशी कोण? डॉक्टर-नर्सवर हल्ला करणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा महाराष्ट्रात २०१० पासून आहे. पण तेवढ्यानं भागत नाही. आपणही समजून घेतलं पाहिजे की औषध दिल्यावर रिॲक्शन आली म्हणजे डॉक्टरनं चूक केली असं नसतं. औषध देण्याचं धाडस करणाऱ्या डॉक्टरला गावानं साथ दिली, तर पुढच्या वेळी तो रुग्णाला वाटेला लावणार नाही.

रुग्णाच्या पाठीशीही एक मोठा निकाल उभा आहे. पश्चिम बंगालमध्ये आगगाडीतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला एकामागून एका सरकारी दवाखान्यानं खाट नाही, सोय नाही म्हणून परत पाठवलं. शेतमजुरांच्या संघटनेनं दाद मागितली आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जीव धोक्यात असताना सरकारी दवाखान्यानं वेळेवर उपचार नाकारणं म्हणजे संविधानानं दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. तो निकाल आपल्यासारख्याच माणसासाठी झाला होता.

आता कमी बोलली जाणारी एक गोष्ट. औषध कमी का पडतं? दवाखाना पुढच्या वर्षासाठी औषध मागतो ते बहुतेक मागच्या वर्षीच्या वापरावरून. समजा एका केंद्राच्या हद्दीत वर्षात तीस जणांना साप चावला. दहा जण मांत्रिकाकडं गेले, दहा जण खासगीत गेले, दहाच केंद्रात आले. वहीत दहाच आले. मागणी दहांची गेली. पुढच्या वर्षी बारा आले, कुप्या संपल्या, दोघांना परत पाठवलं. ती बातमी गावात पसरली, तिथं लस नसते म्हणे. त्याच्या पुढच्या वर्षी पाचच आले. मागणी आणखी घटली. हे रहाट असंच उलटं फिरत राहतं, आणि शेवटी कुणी विचारलं तर उत्तर मिळतं, इथं सर्पदंशाचे रुग्णच नाहीत.

म्हणून मोजणी महत्त्वाची. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायचे हे त्याचं ध्येय. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं सगळ्या राज्यांना सांगितलं की सर्पदंश हा कळवणं बंधनकारक असलेला आजार म्हणून जाहीर करा. म्हणजे सरकारी असो की खासगी, प्रत्येक दवाखान्यानं प्रत्येक दंशाची नोंद सरकारला द्यायची. शेजारच्या कर्नाटकानं हे त्याआधीच, फेब्रुवारी २०२४ मध्ये केलं होतं.

कर्नाटकाचं नाव मुद्दाम घेतलं. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातल्या टोळ्या उसाला निघतात. कुणी सांगली, कोल्हापूर, साताऱ्याला, कुणी बेळगाव, बागलकोटच्या कारखान्यांना. नवरा-बायकोचा एक कोयता, मुकादमाची उचल, आणि फडाजवळ पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी. बाई पहाटे अंधारात उठते, पाचटात हात घालून मोळी बांधते. रात्री लेकरं जमिनीवर अंथरुण टाकून झोपतात. साप चावायला यापेक्षा सोयीची जागा नाही. तिथं आपल्या ओळखीचा दवाखाना नसतो, भाषा वेगळी असते, आणि उचल फिटेपर्यंत मुकादम सोडत नाही ही धास्ती असते. म्हणून निघण्याआधी हे ठरवून घ्या. सर्पदंशाच्या वेळी सरकारी दवाखाना तुमचं गाव कोणतं म्हणून परत पाठवू शकत नाही, राज्य दुसरं असलं तरी. फडावर पोचल्याच्या पहिल्याच दिवशी मुकादमाला किंवा शेतमालकाला विचारा, जवळचा सरकारी दवाखाना कुठं, तिथं सापाचं औषध आहे का, आणि रात्री गाडी कोणाची मिळेल. मच्छरदाणी सोबत न्या आणि तिच्या कडा अंथरुणाखाली खोचा. ती डासांसाठी असते, पण मण्यारीलाही अडवते.

साप चावला तर काय करायचं, तेही नीट सांगते.

माणसाला बसवा किंवा आडवं करा, धीर द्या, चालायला लावू नका. हात-पाय जसा मोडल्यावर बांधतो तसा फळीला सैल बांधून हलू देऊ नका. दंशाच्या वर दोरी आवळू नका. आवळलेल्या दोरीनं हात-पाय गमवायची वेळ येते. कापू नका, चोखू नका, तिथं चुना, हळद, बर्फ काही लावू नका. बायांसाठी खास सांगते, बांगड्या, अंगठ्या, जोडवी, पैंजण लगेच काढा, सूज आली की ती मांसात रुततात. सौभाग्याचं लेणं आहे म्हणून थांबू नका. घड्याळ बघून चावल्याची वेळ लक्षात ठेवा. १०८ ला फोन लावा. ही रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून फुकट आहे. ती यायला उशीर होतोय असं दिसलं तर मिळेल त्या गाडीनं निघा. रुग्णाला उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा.

कडुनिंबाचा पाला कडू लागतो का, मिरची तिखट लागते का, हे बघत बसू नका. त्यानं काहीच कळत नाही, वेळ मात्र जातो. मांत्रिकाकडं गेलेली माणसं बरी होतात असं आपण ऐकतो. त्याचं कारण असं, की बरेचसे साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही कधी कधी चावताना विष सोडत नाही. ती माणसं कुठंही गेली असती तरी बरी झाली असती. ज्याच्या अंगात खरंच विष गेलं आहे, त्याला मंत्र वाचवत नाही.

गरोदर बाईला हे औषध चालेल का, असं बायका विचारतात. चालतं. विष अंगात गेलं असेल तर आई आणि बाळ दोघांसाठी तेच औषध आहे. लेकरालाही कुप्या मोठ्या माणसाइतक्याच लागतात, कारण साप लहान-मोठं बघून विष सोडत नाही. बिले असल्या वेळी कमी डोस द्या म्हणून डॉक्टरशी वाद घालू नका.

फवारणीच्या विषाचंही दोन शब्दांत सांगते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले. घाम फुटणं, तोंडाला फेस, बाहुल्या बारीक होणं, मळमळ, ही लक्षणं दिसली तर कपडे काढून अंग साबणानं धुवा आणि औषधाचा डबा किंवा बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. डब्यावरचं नाव वाचून डॉक्टरला उतारा ठरवता येतो.

सर्पदंशाचा रुग्ण आला की दवाखाना पोलिसांना कळवतो. त्याला घाबरू नका, ती नोंद आहे, आणि तिच्यासाठी उपचार थांबवता येत नाहीत. वाईटातलं वाईट झालं तर युसूफ वडगावच्या ठाण्याचा पंचनामा आणि शवविच्छेदन टाळू नका. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशानं गेलेल्या शेतकऱ्याच्या, किंवा सातबारा नसलेल्या त्याच्या घरातल्या एका माणसाच्या वारसाला दोन लाख रुपये मिळतात, आणि त्यासाठी हे कागद लागतात. अर्ज लवकरात लवकर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं द्यायचा. पण बायांनो, हिशेब करून बघा. माणूस गेल्यावर सरकार दोन लाख देतं. त्याला वाचवायच्या पहिल्या दहा कुप्या काही हजारांत येतात.

शेवटी, आपण काय करू शकतो? ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असा आपल्या राज्याचा नियम आहे. पावसाळ्याआधीच्या महिला सभेत हा विषय घ्या. ठराव लिहून घ्या आणि तो वैद्यकीय अधिकाऱ्यांना, आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीला आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पाठवा. प्रश्न साधे ठेवा. आज केंद्रात सापाच्या औषधाच्या किती कुप्या आहेत आणि त्यांची मुदत कधी संपते? अ‍ॅड्रेनालिन आणि अ‍ॅट्रोपिन आहे का? रात्री आणि रविवारी औषध कोण देतं, कपाटाची किल्ली कोणाकडं असते? मागच्या पावसाळ्यात किती रुग्ण आले आणि किती पुढं पाठवले? साठ्याचा आकडा बाहेरच्या फळ्यावर लिहाल का?

आणि कुणाला पुढं पाठवलं तर भांडत वेळ घालवू नका. एवढंच म्हणा, डॉक्टरसाहेब, किती वाजता आणलं, काय दिलं आणि का पाठवताय ते चिठ्ठीवर लिहून द्या. पुढच्या दवाखान्याला ती चिठ्ठी उपयोगी पडते, आणि नंतर ग्रामसभेत तीच पुरावा होते. साप चावलेला प्रत्येक जण केंद्राच्या वहीत नोंदला गेला पाहिजे, हेही आशाताईंच्या कानावर घाला. मग तो बिनविषारी साप निघो, की माणूस खासगीत बरा होऊन येवो.

पहिला पाऊस यायच्या आत एकदा केंद्रावर जा, दोघी-तिघी मिळून जा, आणि विचारून या. तिथल्या सिस्टरशी नीट बोला, त्याही आपल्यातल्याच आहेत. आणि काय उत्तर मिळालं ते शेजारणीला सांगा.